झोपी गेलेल्यांच्या रकान्यात

साफ्ता कुजबुजत बोलायला लागली त्याला आता सहावा महिना सरत आला होता, आणि झेनोवियाला त्याची सवय होऊन गेली होती. कशाचीही सवय करून घेता येणं हा आपल्या नोकरीतला मोठा गुण आहे असं तिला पूर्वी वाटायचं. हल्ली तो दोषच असावा अशी शंका यायची.

एकोणतीस वर्षं ती त्या संस्थेत नर्स होती. तेवीस माणसं तिथं राहत. बहुतेक चाळिशी-पन्नाशीची, 'समज बालवयाइतकी' असं त्यांच्या फायलींवर लिहिलेलं. त्या दोन शब्दांशी झेनोविया मनातल्या मनात भांडायची. पण फायली तेवीस, गुडघे दोन, आणि पेन्शनला अजून तीन वर्षं होती. शब्द तसेच राहिले.

साफ्ताचं वय चव्वेचाळीस. बुटकी, गोल चेहऱ्याची, तिरप्या डोळ्यांची. संस्थेच्या मागच्या अंगणातल्या कोंबड्या तिच्या ताब्यात होत्या आणि त्या कामात ती कुणाला हात लावू देत नसे. डिसेंबरात एके दिवशी ती कुजबुजायला लागली तेव्हा थंडीनं आवाज बसला असं सगळ्यांनी धरलं. लिंडनच्या फुलांचा काढा झाला, मध झाला, गळ्याला लोकरीची पट्टी झाली. मग जिल्ह्याच्या इस्पितळात घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "घसा ठणठणीत आहे. हिला गाणं म्हणायला लावा."

गाणं म्हण म्हटलं की साफ्ता ओठांवर बोट ठेवायची आणि डोळे मोठे करून म्हणायची, "श्श."

"अहो, एक तरी माणूस या घरात हळू बोलतंय," गेता म्हणायची. गेता म्हणजे जेवणखाण आणि अंघोळी बघणारी सेविका, पस्तिशीची, जिभेची तिखट. "त्यालाही तुम्हाला औषध हवंय होय, झेनोबाई? बाकीच्या बावीस जणांना हाच आजार होवो."

तपासणीवाले येणार म्हणून हल्ली झेनोविया फायली पुऱ्या करत होती. प्रत्येक फायलीत एक चौकट असते, 'आध्यात्मिक गरजा'. वजन, रक्तदाब, दात, शौच यांच्या खाली, शेवटून दुसरी. तेवीस चौकटींत ती गेली कित्येक वर्षं एकच ओळ लिहीत आली होती: 'ऑर्थोडॉक्स. रविवारी चर्चला नेले जाते.' साफ्ताच्या चौकटीत मात्र डिसेंबरात तिनं एक ओळ जास्त लिहिली होती: 'आईच्या निधनाची बातमी भावाने फोनवरून दिली. शांतपणे स्वीकारली.'

ते खरंच होतं. निदान झेनोवियाला तसं दिसलं होतं. भाऊ डोरिन इटलीत तूरिनला फरशा बसवायचं काम करतो. आईला माती द्यायला तो तीन दिवसांसाठी आला होता, बर्फानं रस्ते भरले होते, आणि तो म्हणाला होता, "तिला आणू नका, सिस्टर. तिला झेपायचं नाही. मी सांगतो फोनवर." झेनोवियानं साफ्ताच्या कानाला फोन लावून दिला आणि शेजारच्या खोलीत एकाला इंजेक्शन द्यायला गेली. परत आली तेव्हा साफ्ता फोन दोन्ही हातांत धरून बसली होती.

"काय म्हणाला डोरिन?"

"आई झोपली," साफ्ता म्हणाली. हळूच म्हणाली. झेनोवियानं तिला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, आणि हिला कळलं, देवानं सोपं केलं, असं समजून ती फाईल लिहायला बसली.

त्यात तिला खटकण्यासारखं काही नव्हतं. शनिवारी जेवणानंतर ती सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहायची. उद्या चर्चमध्ये फादर त्या वाचणार. चिठ्ठीला दोन रकाने असतात: डावीकडे जिवंत, उजवीकडे झोपी गेलेले. मेलेल्यांना चर्चमध्ये कुणी मेलेले म्हणत नाही. साफ्ता शेजारी बसून नावं सांगायची. जिवंतांत डोरिन, गेता, झेनो मावशी, पाच कोंबड्या (कोंबड्या झेनोविया लिहिल्यासारखं करायची). मग साफ्ता दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "आई इथं. झोपलेल्यांत." बरोबर रकाना. एकदाही चुकली नाही. कळल्याचा याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता?

जूनच्या पहिल्या रविवारी फादर सेवेर नावं वाचत होते. फादर जाडजूड, गडगडाटी आवाजाचे. झोपी गेलेल्यांची नावं ते नेहमीच जरा चढ्या सुरात वाचत, बहुधा लोकांनी पेंगू नये म्हणून. "इलारियोन, आगाफिया, रुक्सांद्रा..." आणि आईचं नाव ऐकल्याबरोबर साफ्ता बाकावरून उठली, तुरुतुरु पुढं गेली आणि फादरांची जरीची बाही धरून ओढायला लागली.

"हळू वाच," ती म्हणाली. कुजबुजतच, पण सगळं चर्च गप्प होतं म्हणून शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "हळू वाच ना. आई उठेल."

दोघीचौघी बायका हसल्या. फादरही दाढीत हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढचं नाव वाचायला लागले, आणि खरोखरच आवाज खाली आणून वाचायला लागले. झेनोविया हसली नाही. बाकाची कड धरून ती उभी राहिली.

बाहेर अक्रोडाच्या झाडाखाली तिनं साफ्ताला बसवलं.

"साफ्ता, आई कुठं आहे?"

"घरी."

"काय करतेय?"

"झोपलीय." साफ्तानं आजूबाजूला बघितलं, कुणी गोंगाट करत नाही ना याची खात्री केली. "रात्री कारखान्यात होती. सकाळी येते. झोपते. आवाज नाही करायचा. दार नाही आपटायचं. मग उठते. मग धिरडी करते. आलुबुखारचा मुरंबा घालून."

"आणि ती इतके दिवस झोपली तर?"

साफ्तानं जरा विचार केला. "दमली ना ती," ती म्हणाली.

रुक्सांद्रानं एकवीस वर्षं सूतगिरणीत रात्रपाळी केली होती, हे फाईलमध्ये होतं. 'आईचा व्यवसाय' या चौकटीत. झेनोवियानं ते शंभरदा वाचलं होतं.

फादरांना तिनं वेदीमागच्या खोलीत गाठलं. ते जरीचा झगा उतरवत होते, कपाळावर घाम होता.

"सहा महिने ती आईला जागं करायचं नाही म्हणून कुजबुजतेय, फादर. आणि मी तिला काढे पाजतेय."

फादर खुर्चीत बसले. "पण सिस्टर, झोपली म्हणणं खोटं नाही. आपण तेच मानतो की नाही? शेवटच्या दिवशी सगळ्यांना उठायचंच आहे."

"तिला तो दिवस मंगळवार वाटतो. किंवा बुधवार. ती धिरड्यांची वाट बघतेय."

"धिरड्यांची वाट बघणं," फादर म्हणाले, "माझ्या अर्ध्या लोकांच्या श्रद्धेपेक्षा बरं आहे." मग तिचा चेहरा बघून ते थांबले. "बरं. मग तुम्ही सांगणार का तिला?"

"तुम्ही सांगा ना. तुमचं काम आहे ते."

"माझ्याकडे तोच शब्द आहे, सिस्टर. मला दुसरा येत नाही." आणि ते खरोखरच ओशाळल्यासारखे दिसले.

संध्याकाळी तिनं डोरिनला फोन लावला. साफ्ताचा कायदेशीर पालक तोच. पुढच्या रविवारी आईची सहा महिन्यांची प्रार्थना होती, त्यासाठी तो दोनच दिवसांपूर्वी गावी आला होता.

"मी सांगितलंय तिला," तो म्हणाला. "किती वेळा सांगायचं?"

"कुठल्या शब्दात सांगितलं, डोरिन?"

तो म्हणाला, "जसं सांगतात तसंच. हे बघा सिस्टर, ती खूश आहे ना? जेवते ना? मग कशाला उकरून काढता? आणि रविवारी तिला आणू बिणू नका. बायका रडतात तिथं, ओरडतात. ती घाबरेल."

डायरेक्टर बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, पालकाची लेखी परवानगी, मग मानसोपचारतज्ज्ञांचं मत, तपासणी होऊन जाऊ द्या. सगळं बरोबर होतं. झेनोविया घरी गेली, पाय गरम पाण्यात घालून बसली आणि मनाशी म्हणाली, जाऊ दे. तीन वर्षं. कुजबुजून कुणी मरत नाही.

पण सोमवारी साफ्ता कोंबड्यांनासुद्धा ओठांवर बोट ठेवून गप्प करत होती. एक कोंबडी अंडं घालून ओरडायला लागली तर तिनं तिला छातीशी धरलं आणि चोचीवर हात ठेवला. झेनोवियाला ते बघवेना. किती कामं करत होती ही बाई! दारं हळू लावायची, चमचे पुसून ठेवायचे, बावीस जणांना दटावायचं. आणि सगळं एका मेलेल्या बाईची झोप मोडू नये म्हणून. एवढी सेवा झेनोवियानं स्वतःच्या आईचीही केली नव्हती.

ती कोंबड्यांच्या कुंपणात गेली आणि उलट्या बादलीवर बसली.

"साफ्ता, इकडं ये. आई झोपलेली नाही."

"उठली?" साफ्ताचा चेहरा असा उजळला की झेनोवियाला वाटलं, आपण इथून पळून जावं.

"नाही. आई मेली. थंडीत. बर्फ होता ना, तेव्हा. मेली ती."

चांगल्या घरात माणसाबद्दल हा शब्द असा कुणी काढत नाही. झेनोवियानं एकोणतीस वर्षांत कुणाच्या नातेवाइकासमोर तो उच्चारला नव्हता. 'गेली', 'आपल्यात नाही', 'देवानं नेलं', आणि फायलीत 'निधन'. आता तो तिच्या तोंडून बाहेर पडला आणि अंगणात तसाच पडून राहिला.

साफ्ता कोंबडीला धरून उभी होती. "कोंबडीसारखी?"

"नाही," झेनोविया म्हणाली. मग, "हो. तशीच. हलत नाही. श्वास नाही. परत उठत नाही."

"धिरडी?"

"आई नाही करणार आता."

साफ्तानं कोंबडी खाली ठेवली, अगदी अलगद. आणि मग झेनोवियानं सहा महिन्यांनी तिचा आवाज ऐकला. तो जाड होता, खरखरीत, वापरात नसल्यानं गंजलेला.

"मी आवाज नाही केला!" साफ्ता ओरडली. "मी आवाज नाही केला! बर्फ होता तरी नाही केला! दार नाही आपटलं!"

"माहीत आहे, बाळ."

"कुणासाठी?" साफ्ता म्हणाली. दाण्याचं पातेलं उचलून तिनं ते भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. झेनोवियाकडं बघत, तिलाच ऐकवत आपटत राहिली.

गेता हात पुसत धावत आली. "काय केलंत तिला?"

"सांगितलं."

गेता म्हणाली, "देवा. आणि मी म्हणत होते, बरी हळू बोलते."

दुपारभर पातेलं वाजत होतं. कुणी ते काढून घेतलं नाही. झेनोवियानं घेऊ दिलं नाही. डायरेक्टर बाई खिडकीतून दोनदा डोकावल्या आणि दोनदा आत गेल्या. मंगळवारी साफ्ता जेवली नाही. बुधवारीही नाही, झेनोवियाला बघितलं की ती भिंतीकडे तोंड करायची. कोंबड्यांना गेतानं दाणे टाकले आणि साफ्तानं टाकू दिले, हे सगळ्यात वाईट होतं. झेनोविया रक्तदाब मोजायची, लिहायची, पुढच्या खोलीत जायची. आपण तिच्याकडून आई घेतली नाही, ती तर डिसेंबरातच गेली होती. आपण तिचं काम घेतलं. आणि त्या जागी द्यायला आपल्याकडे काय होतं? एक शब्द, तोही कोंबडीचा. फादर तरी निदान खुर्चीत बसून कबूल झाले होते की आपल्याला येत नाही.

गुरुवारी सकाळी ती बिछाने बदलत असताना साफ्ता येऊन दारात उभी राहिली. केस विस्कटलेले, तोंड सुजलेलं.

"कुठंय ती?" मोठ्यानंच विचारलं.

"गावात. जमिनीत."

"बघायचंय."

"बघता येत नाही, साफ्ता. वर माती आहे."

"माती बघायचीय."

झेनोवियानं डोरिनला पुन्हा फोन केला. या वेळी विचारलं नाही, सांगितलं.

"सिस्टर, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला?"

"कुणी नाही."

"तेच म्हणतोय मी!" तो ओरडला. ती फोन कानाला धरून थांबली. त्याचा राग संपेपर्यंत तिला थांबता येत होतं. थांबणं एवढं एकच तिला नीट जमायचं. शेवटी तो म्हणाला, "आणा. आणायचंय तर आणा. पण ती कोसळली तर तुम्ही सांभाळा, मला नका सांगू."

डायरेक्टर बाईंनी पालकाचं तोंडी 'आणा' चालवून घेतलं आणि गाडी नाही म्हणून सांगितलं. रविवार झेनोवियाच्या सुट्टीचा होता. ती साफ्ताला घेऊन छोट्या बसनं निघाली, पाऊण तासाचा रस्ता, उन्हानं तापलेली बस, कुणाच्या तरी मांडीवर कांद्याची रोपं. साफ्ता खिडकीला नाक लावून बसली होती. परतीची बस दोनला, ती चुकली तर सहाला, एवढं झेनोवियानं ड्रायव्हरकडून दोनदा वदवून घेतलं.

दफनभूमी टेकडीवर होती. प्रार्थना संपली होती, गावचे फादर पुढच्या घरी निघून गेले होते. थडग्याजवळ आठदहा माणसं. पाव, मेणबत्त्या, वाइनची बाटली, आणि तबकात साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू. डोरिन काळ्या शर्टात उभा होता, फरशीवाल्याचे मोठे हात कुठं ठेवावेत ते न कळून. त्यानं बहिणीकडे बघितलं आणि लगेच तबकाकडे.

साफ्ता मातीकडे बघत होती. ढीग बसला होता, त्यावर पिवळी फुलं लावलेली. ती वाकली, बोटानं माती दाबून बघितली.

तेवढ्यात मोठी मावशी कातिंका थडग्याजवळ गुडघ्यांवर बसली. रुक्सांद्राची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली. तिनं डोक्यावरचा काळा रुमाल मागं सारला, दोन्ही हात क्रुसाला लावले आणि रीतीप्रमाणे सूर धरला.

"ऊठ गं रुक्सांद्रा, ऊठ माझे बाई! बघ तुझ्या दाराशी कोण आलंय! किती झोपशील गं? लेक आलीय तुझी, ऊठ, तिला जेवायला वाढ!"

हे झेनोवियाच्या लक्षातच आलं नव्हतं. जन्मभर हे विलाप ऐकले, आणि त्यांत काय म्हणतात ते कधी ऐकलंच नाही. ऊठ. किती झोपशील. ती पुढं व्हायला गेली, पण कुणाला थांबवणार? ऐंशी वर्षांच्या म्हातारीला, तिच्या बहिणीच्या थडग्यावर?

साफ्ताची मान वर झाली होती. ती मावशीकडे बघत होती, मग मातीकडे, मग पुन्हा मावशीकडे. तोंड अर्धवट उघडं. कुणीतरी मोठ्यानं, अगदी हवं तेवढ्या मोठ्यानं, तिच्या आईला उठवत होतं. झेनोवियाला दिसलं की ती वाट बघतेय. माती हलते का बघतेय.

"ऊठ गं, ऊठ!" कातिंका रडत होती.

माती हलली नाही. फुलावर एक माशी बसली.

साफ्ता मावशीशेजारी बसली आणि आपला जाडसर तळहात तिच्या ओल्या तोंडावर ठेवला.

"उठत नाही ती," ती म्हणाली. "झोपली नाहीये. मेलीय. तू ओरडू नको, घसा दुखेल तुझा."

कातिंका तिच्या हाताआडून बघत राहिली. कुणीतरी क्रुसाची खूण केली. डोरिननं तबक खाली ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, तसंच धरून तो उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"मीही झोपली एवढंच म्हणालो होतो," तो झेनोवियाला म्हणाला. "तुम्ही विचारलंत ना, कुठल्या शब्दात. दुसरा मला निघालाच नाही तोंडातून. अजून कुणाजवळच निघाला नाही."

"माहीत आहे," झेनोविया म्हणाली. "मलाही फार वेळ लागला."

"तिला राग आलाय माझा?"

"माझा आला होता. तुझाही येईल. येऊ दे."

साफ्ता उठून त्याच्याजवळ आली, तबकातून मूठभर गहू घेतले आणि उभ्या उभ्या खाल्ले. सोमवारनंतर तिनं पहिल्यांदाच आपणहून काही खाल्लं होतं. मग तिनं विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला?"

डोरिननं क्रुसाकडे बोट दाखवलं. साफ्ता तिथं जाऊन मांडी घालून बसली, झगा नीट केला आणि बोलायला लागली. मोठ्यानं. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून घसा बघितला इथून सुरुवात केली. मध्येच कातिंका म्हणाली, "पोरी, ती आता ऐकत नाही गं," आणि लगेच जीभ चावली, मघाशी आपणच तिला हाका मारत होतो याची लाज वाटली असावी.

"माहीत आहे," साफ्ता म्हणाली. "तरी सांगते. राहिलंय सगळं."

माणसं हळूहळू पांगली. कातिंका तिथंच बसून राहिली, मधूनमधून "हो का?" म्हणत. डोरिन थोड्या अंतरावर गवतात बसला. टेकडीखालच्या रस्त्यावर दोनची बस आली, हॉर्न वाजवून थांबली आणि धूळ उडवत निघून गेली. झेनोवियानं ती जाताना बघितली. डायरेक्टर बाईंना काय सांगायचं, उद्याची चौकट कशी भरायची, याचा तिनं विचार करून पाहिला आणि सोडून दिला. साफ्ता आत्ताशी जानेवारीपर्यंत पोचली होती. झेनोविया शेजारच्या थडग्याजवळच्या बाकावर टेकली, बूट काढले, आणि सुजलेले पाय गवतात सोडून सहाच्या बसची वाट बघत बसली.